उन्हात घालायचे कापड

फिलिपिन्समध्ये मार्च ते मे हा कोरडा, कडक उन्हाळा. याच दिवसांत तिथे गावोगावच्या जत्रा, म्हणजे फिएस्ता, भरतात. मनिला महानगरातल्या मकातीमध्ये 2006 पासून एका बागेत चित्रांचा बाजार मांडला जातो, आणि नोकरदार माणसालाही एखादे चित्र घरी नेता यावे म्हणून किमतीला वरची मर्यादा असते. मॉलच्या मधल्या चौकात हातमागाचे कापड, बुरी नावाच्या ताडाच्या टोप्या, विणलेल्या पिशव्या घेऊन कारागीर आणि तरुण डिझायनर बसतात. त्यांच्यापाठोपाठ एक जुना वाद दरवर्षी नव्याने पेटतो. एक पक्ष म्हणतो, आपल्या माणसांनी आपल्याच विणकराचे कापड घ्यावे, परदेशी ब्रँडमागे धावणे ही मनाची गुलामी आहे. दुसरा म्हणतो, ही श्रीमंतांची हौस आहे, पोट हातावर असलेल्याला ‘स्थानिक’ परवडत नाही. तिसरा म्हणतो, शहरातल्या डिझायनरांनी डोंगरातल्या आदिवासींचे नमुने उचलायचे आणि त्याला गौरव म्हणायचे, ही चोरी आहे. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि तरीही वर्षानुवर्षे हा वाद जागचा हलत नाही. कारण तिघेही विकत घेणाऱ्याच्या मनाचीच चौकशी करतात: त्याला देशप्रेम आहे का, त्याच्याकडे पैसा आहे का, त्याचा हेतू शुद्ध आहे का.

माझे म्हणणे असे की स्थानिक कापडाची आणि वेशभूषेची परीक्षा दोनच प्रश्नांनी व्हावी. मे महिन्यात दुपारी एक वाजता केसोन सिटीतल्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर ते कापड सुसह्य आहे का? आणि ते विणणाऱ्या बाईला तिच्या दिवसाची रोजी सुटते का? या दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणता येईल असे कापड टिकेल, वाढेल, बदलेल. ज्याला एकालाही ‘हो’ म्हणता येत नाही ते समारंभापुरते उरेल, मग त्याच्यावर कितीही भाषणे होवोत.

ऊन हा प्रश्न मी उगाच मध्ये आणलेला नाही. एप्रिल 2024 मध्ये फिलिपिन्सच्या शिक्षण खात्याला देशभरातल्या सरकारी शाळांचे प्रत्यक्ष वर्ग दोन दिवस बंद ठेवावे लागले. जीपनी, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपगाड्या, चालवणाऱ्यांचा संप हे एक कारण होते आणि उष्मा हे दुसरे. तिथली हवामान संस्था ‘पागासा’ तापमान आणि दमटपणा मिळून अंगाला जाणवणाऱ्या उष्म्याचा आकडा रोज जाहीर करते, आणि तो 42 ते 51 अंशांच्या पट्ट्यात गेला की त्याला ‘धोका’ म्हणते. त्या एप्रिलमध्ये अनेक गावे या पट्ट्यात होती. महामारीच्या काळात सरकलेले शाळेचे वर्ष मागे आणावे ही मागणी या उष्म्यानेच रेटली, आणि 2025 पासून शाळा पुन्हा जूनमध्ये सुरू होऊ लागल्या. एप्रिल-मे पुन्हा मुलांच्या सुट्टीचे झाले. सुट्टी, गावी जाणे, समुद्र, बर्फाच्या चुऱ्यावर दूध आणि गोड डाळी-फळे घालून केलेला हालो-हालो, मे महिन्यातल्या फुलांच्या मिरवणुका, हे सारे त्या समाजाच्या आठवणीत एप्रिल-मेशीच जोडलेले आहे. कोकणात आजोळी जाऊन मे महिना काढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण त्याच महिन्यात अंगावर काय घालायचे हा प्रश्न आता आरोग्याचा झाला आहे, आणि वाद घालणाऱ्यांनी तो अजून फॅशनच्या पानावरच ठेवला आहे.

या देशाची पोशाखाची परंपरा तर उन्हातूनच जन्मली आहे. बारोंग तागालोग हा पुरुषांचा सदरा पहा. झिरझिरीत कापड, छातीवर त्याच रंगाच्या धाग्याचे भरतकाम, बाजूंना चिरा, आत एक पातळ बनियन, आणि सदरा पँटमध्ये न खोचता मोकळा सोडलेला. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी फिलिपिनोंनी शस्त्र लपवू नये म्हणून पारदर्शक कापडाची सक्ती केली आणि हीन दर्जा दिसावा म्हणून सदरा बाहेर ठेवायला लावला, अशी एक गोष्ट तिथे लहानपणापासून सांगितली जाते. असा हुकूम इतिहासकारांना सापडलेला नाही. खरे कारण शोधायला दप्तरखान्यात जायची गरज तरी काय? दमट उष्ण हवेत वारा आतबाहेर खेळावा म्हणून लोक जे कपडे घालतात ते मोकळे आणि विरळच असतात. अपमानाची गोष्ट भावनेला भिडते म्हणून ती टिकली. पण तिच्यामुळे एक मोठी गोष्ट झाकली गेली. हा पोशाख लोकांनी आपल्या अकलेने, आपल्या हवेसाठी घडवला, हे श्रेय आपण त्यांच्याकडून काढून परक्या सत्तेला देऊन बसलो.

आज तोच बारोंग कुठे दिसतो? लग्नात, पदवीदानाला, जुलैच्या चौथ्या सोमवारी राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक भाषणाला जमलेल्या खासदारांच्या अंगावर, आणि शवपेटीत. कारण पुष्कळ फिलिपिनो पुरुषांना अखेरचा पोशाख म्हणून बारोंगच घालतात. रोजच्या रस्त्यावर तो दिसतो तेव्हा बहुधा हॉटेलच्या दारावरच्या माणसाच्या किंवा सुरक्षारक्षकाच्या अंगावर, आणि तो असतो पॉलिस्टरचा. वारा खेळावा म्हणून जन्मलेला पोशाख वारा अडवणाऱ्या धाग्यात शिवून, दिवसभर उभे राहायचे काम असलेल्या माणसाला घालायला देणे यापेक्षा परंपरेची मोठी हेळसांड दुसरी नसेल. पण ‘राष्ट्रीय पोशाख जपा’ म्हणणाऱ्यांना तो पाहून समाधान वाटते. आकार राहिला आहे ना, मग झाले.

कर्तव्य म्हणून घातलेल्या पोशाखाचे काय होते याचा अनुभव आपल्याइतका कुणाला असेल? रामोन मॅगसेसे हे नाव मराठी घरांत विनोबांमुळे, बाबा आमट्यांमुळे पोचले. या मॅगसेसेंनी 1953 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ बारोंग घालून घेतली. त्याआधी अशा प्रसंगी पाश्चात्य सूट घालायची रीत होती. सामान्य माणसाचा नेता सामान्य माणसाच्या पोशाखात उभा राहिला, आणि त्या क्षणाला अर्थ होता. पुढे 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी जून महिन्यात ‘बारोंग सप्ताह’ जाहीर केला, आणि पोशाख सरकारी झाला. स्त्रियांच्या तेर्नोचे आणखी वाईट झाले. फुलपाखराच्या पंखांसारख्या उभ्या बाह्यांचा हा झगा त्यांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्या अंगावर इतका दिसला की 1986 मध्ये मार्कोस राजवट कोसळल्यावर पुष्कळ बायकांना तो नकोसा झाला. खादीची गोष्टही याहून फार निराळी नाही. स्वातंत्र्याआधी ती अंगावर घालणे म्हणजे जोखीम पत्करणे होते. स्वातंत्र्यानंतर ती पुढाऱ्याचा गणवेश झाली, आणि सामान्य माणूस तिच्याकडे गांधीजयंतीच्या सवलतीपुरता वळू लागला. खादी भारताच्या उन्हाळ्याला अत्यंत योग्य कापड आहे. तरी तिचे समर्थन आपण नेहमी नीतीच्या भाषेत केले, घाम शोषण्याच्या भाषेत क्वचितच. सत्तेला चिकटलेले कापड सत्तेबरोबर मळते, हे दोन्ही देशांनी पाहिले आहे.

देशप्रेमाचा मुद्दा मांडणारे इथे मला अडवतील. त्यांचा युक्तिवाद हलका नाही. ते म्हणतील, परदेशी मालाने आमचे माग मोडले, तेव्हा परदेशी माल नाकारणे हाच त्यावर उपाय. माग मोडले हे खरे आहे, आणि ते कसे मोडले हे नीट पाहिले पाहिजे. पनाय बेटावरचे इलोइलो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विणकरांचे मोठे ठिकाण होते. तिथले कापड मनिलात आणि इतर बेटांवर जात असे. 1855 मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि पुढच्या वर्षी निकोलस लोनी नावाचा ब्रिटिश उपवाणिज्यदूत तिथे आला. त्याने स्थानिक कापडाचे नमुने इंग्लंडला पाठवले. तिथल्या गिरण्यांनी त्या रंगांचे, त्या चौकड्यांचे कापड यंत्रावर स्वस्तात काढले आणि ते इलोइलोच्याच बाजारात आले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढचा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. लोनीने कापड आणणाऱ्या जहाजांना परतीचा माल हवा म्हणून साखरेला उत्तेजन दिले, ऊस लावणाऱ्यांना कर्जे दिली, यंत्रे आणून दिली. भांडवल मागावरून उठले आणि शेजारच्या नेग्रोस बेटावरच्या उसाच्या मळ्यांत गेले, मजूरही गेले. इलोइलोच्या लोकांचे आपल्या कापडावरचे प्रेम एका पिढीत आटले असे कुणी म्हणेल का? आटले ते कर्ज, सूत आणि बाजार.

याच दशकांत याच ब्रिटिश गिरण्यांचे कापड आपल्याकडेही उतरत होते. पुण्यात सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, 1872 मध्ये स्वदेशीचे व्रत घेतले आणि 1877 च्या दिल्ली दरबारात ते जाड्याभरड्या खादीत जाऊन बसले. त्यांच्या निष्ठेपुढे मान लवते. पण काकांनाही नुसते व्रत पुरले नाही. देशी माल मिळावा म्हणून दुकाने काढावी लागली, व्यापाराची खटपट करावी लागली. गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकावर अख्खा उद्योग तरत नाही, हे त्यांना कृतीतून कळले होते. आज ‘स्थानिक घ्या’ म्हणणारे मात्र व्रत तेवढे उचलतात आणि दुकानाची, सुताची, कर्जाची बाजू सोडून देतात. इलोइलोजवळच्या मियागाओ गावात आजही बायका हाब्लोन हे हातमागाचे कापड विणतात. त्यांची अडचण विचारा. गिऱ्हाईक नाही असे त्या म्हणणार नाहीत. सूत कुठून आणायचे, ते परवडेल कसे, हे त्या सांगतील. देशात कापूस जवळजवळ पिकत नाही, त्यामुळे ‘स्थानिक’ हातमागावर पुष्कळदा बाहेरून आलेले पॉलिस्टर किंवा रेयॉनच चढते. अशा वेळी मनिलातल्या बाईला देशप्रेम शिकवून काय साधणार? सूत काढण्याची सोय गावाजवळ उभी राहिली तर साधेल, आणि सरकारी वस्त्र-संशोधन संस्थेने मियागाओत तसा प्रयत्न सुरूही केला आहे. त्यावर मात्र कुणी वाद घालत नाही. तो विषय रंगतदार नाही ना.

आता किमतीचा आक्षेप. विरोधकांचा हा सर्वात बळकट मुद्दा आणि मी तो पुरता मान्य करतो. आक्लान प्रांतातल्या कालिबोचे पिन्या कापड अननसाच्या पानांच्या धाग्याचे असते. झाडाला पाने लांब येईपर्यंत दीड-दोन वर्षे जातात. फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या कडेने पान खरवडून आधी जाड धागा सोडवतात, मग नारळाच्या करवंटीने खालचा तलम धागा, ज्याला लिनिवान म्हणतात. हा धागा पानाच्या लांबीचाच, म्हणून एकेक धागा दुसऱ्याला हाताने गाठ मारून जोडायचा. मग माग. मागावर तो सारखा तुटतो, म्हणून दिवसभर बसूनही काम थोडेच पुढे सरकते. वर लुम्बान किंवा ताल या गावांतल्या बायकांचे भरतकाम, धागे काढून केलेली जाळी. 2023 च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने या विणकामाची मानवजातीच्या वारशात नोंद केली, आणि ती सर्वस्वी योग्य होती. पण 2025 मध्ये मनिला महानगरातली किमान रोजी 695 पेसो होती, आणि अस्सल पिन्याचा भरतकाम केलेला बारोंग दहा-वीस हजारांच्या पुढे जातो. ज्याने महिनाभर राबून तेवढे कमावले त्याला ‘तू आपल्या संस्कृतीला पाठ फिरवलीस’ असे म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? मला नाही, आणि लेख लिहिणाऱ्या कुणालाच नाही.

तो माणूस कपडे कुठे घेतो? उकाय-उकायच्या दुकानात: जपान, कोरिया, अमेरिकेतून आलेले वापरलेले कपडे, ढिगातून उपसून निवडायचे. 1966 च्या एका कायद्याने अशा कपड्यांची व्यापारी आयात बंद आहे. लोकांचे आरोग्य आणि राष्ट्राची प्रतिष्ठा राखणे हा त्या कायद्याचा जाहीर हेतू. साठ वर्षे उलटत आली आणि उकाय-उकाय प्रत्येक गावात आहे. ही प्रतिष्ठेची भाषा मला फार खटकते. उन्हात सुती शर्ट हवा, तो ढिगात स्वस्तात मिळतो आणि नव्या पॉलिस्टरपेक्षा अंगाला बरा लागतो, म्हणून जो तो घेतो त्याने राष्ट्राचे काय नुकसान केले? उलट देशाची डिझाइनची नजर घडते ती अशाच ढिगांपाशी. शिवण उसवून पाहणारी, कॉलर कापून नवी लावणारी, आजीच्या जुन्या कापडाचा तुकडा परदेशी जॅकेटला जोडणारी तरुण मुले तिथेच शिकतात. मनिला महानगरातल्या पायातास भागातल्या बायका गिरणीच्या चिंध्यांची पायपुसणी विणायच्या आणि नफा मधले दलाल खायचे. 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘रॅग्ज टू रिचेस’ या उपक्रमाने त्याच विणीच्या पिशव्या नामवंत डिझायनरांच्या मदतीने बाजारात आणल्या आणि बायकांचा वाटा वाढवला. चिंध्या, पायपुसणे, पिशवी: यात कुठे प्रतिष्ठा गेली?

तर मग महाग कापडाचे ओझे उचलायचे कुणी? ज्याची खरेदी सर्वात मोठी आहे त्याने. फिलिपिन्समध्ये 2004 पासून असा कायदा आहे की सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यांचे गणवेश देशी नैसर्गिक धागा असलेल्या ‘उष्णकटिबंधीय कापडा’चे असावेत: अननस, आबाका (केळीच्या जातीचे एक झाड), केळी, रेशीम यांचा धागा इतर सुतात मिसळलेले. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वात शहाणा विचार आहे, कारण त्यात हवामान आहे आणि खात्रीचे गिऱ्हाईकही. शुद्ध पिन्या कारकुनाला कुणी देणार नाही. पण थोडा पिन्याचा धागा मिसळलेले सुती कापड लाखो माणसांसाठी विणले गेले तर आक्लानच्या शेतकऱ्याची पाने विकली जातील, सूत काढणारी यंत्रे चालतील आणि धाग्याची किंमत खाली येईल. हा कायदा अनेक कार्यालयांत कागदावर राहतो आणि गणवेश स्वस्त निविदेच्या कापडात शिवले जातात. समाजमाध्यमांवर एखाद्या नटीने परदेशी पर्स घेतल्याबद्दल जेवढा गहजब होतो त्याच्या शतांश गहजब या निविदांवर झाला असता तर विणकरांचे भले झाले असते.

तिसरा आक्षेप परक्याच्या नमुन्यांचा. दक्षिणेकडे मिंदानाओ बेटावर, लेक सेबूच्या परिसरात त्बोली लोक राहतात. त्यांच्या बायका आबाकाच्या धाग्याचे तिनालाक विणतात: काळा, तांबडा आणि धाग्याचा मूळ रंग. आबाकाची देवता फू दालू स्वप्नात येऊन नमुना देते अशी त्यांची श्रद्धा आहे. हे कापड ओलांडून जाऊ नये, ते सहज कापू नये, असे त्यांचे नियम आहेत. लांग दुलाय या थोर विणकर बाईंना 1998 मध्ये देशाने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवले. शंभरच्या आसपास नमुने त्यांना तोंडपाठ होते, कागदावर एकही रेष न काढता. 2015 मध्ये त्या गेल्या. असे कापड कापून कुणी पोहण्याच्या पोशाखावरची झूल शिवली, किंवा त्याची छापील नक्कल कारखान्यात काढली, तर त्बोली माणसाला काय वाटेल? हा राग मी पूर्ण समजू शकतो. जून 2025 मध्ये मिलानच्या रंगमंचावर प्राडाच्या मॉडेलच्या पायात कोल्हापुरी चप्पल दिसली आणि कोल्हापूरचे नावही कुठे नव्हते, तेव्हा आपणही असेच संतापलो होतो.

पण त्या प्रसंगातून पुढे काय निघाले तेही पाहू. कोल्हापुरीला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणेचा उगम कबूल केला, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्याच कारागिरांकडून चपला करवून घ्यायचे ठरले. करार किती न्याय्य ठरतो ते कारागिराच्या हातात पडलेल्या पैशांवरून कळेल, आणि त्यावर लक्ष ठेवलेच पाहिजे. मात्र ‘परक्यांनी घालूच नये’ ही मागणी रेटली असती तर कारागिराच्या पदरी अभिमानाखेरीज काही पडले नसते. फिलिपिन्सच्या 1997 च्या आदिवासी हक्क कायद्यात समाजाच्या सांस्कृतिक आणि बौद्धिक संपत्तीचा हक्क लिहिलेला आहे, आणि पूर्वसंमतीचे तत्त्वही. हे हत्यार हातात असताना कुणी कुठला झगा घालून फोटो काढला यावर शक्ती का खर्च करावी? संमती घेतली का, विणकराचे आणि समाजाचे नाव लावले का, किंमत कुणी ठरवली, आणि कोणता नमुना विकायचाच नाही हे ठरवायचा हक्क कुणाकडे राहिला, हे चार प्रश्न विचारा. लेक सेबूतल्या बाईने ‘हे विका, हे नको’ असे सांगितले तर तो शेवटचा शब्द. मनिलातल्या प्राध्यापकाने तिच्या वतीने ‘काहीच विकू नका’ म्हणणे हे तिच्या नावावर केलेले दुसरे अतिक्रमण आहे.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना तर मी एकच विचारीन. ज्या अननसाच्या पानातून फिलिपिन्सचे सर्वात अभिमानाचे कापड निघते तो अननस कुठला? दक्षिण अमेरिकेतला; स्पॅनिश जहाजांतून आलेला. आपल्या उपासाला चालणारा बटाटा जसा समुद्रापलीकडून आला तसाच. त्यावरचे भरतकाम युरोपातल्या जोगिणींच्या आणि चिनी कारागिरांच्या हाताचे संस्कार घेऊन आले. आक्लानच्या बायकांनी त्या परक्या फळाच्या पानाकडे पाहिले, त्यात धागा आहे हे ओळखले, आणि तो काढायची रीत बसवली. मला ‘स्थानिक’पणा दिसतो तो त्या ओळखण्यात. म्हणून उद्या कुणी फिलिपिनो तरुणीने घरात घालायच्या डस्टरचा, म्हणजे आपल्याकडे बायका जो सैलसर गाऊन घालतात त्याचा, इलोकोस भागातल्या इनाबेल या हातमागाच्या सुती कापडात शिवून बाहेर घालायचा झगा केला तर ते मला राजवाड्यातल्या तेर्नोइतकेच अस्सल वाटेल. डस्टर, सँडो बनियन, सपाता हा त्या देशाचा खरा उन्हाळी वेश आहे. कुणी त्यावर प्रदर्शन भरवत नाही. लागुना प्रांतातल्या लिलिउ गावाने मात्र साध्या सपातांवर आपला उद्योग उभा केला, आणि मनिलाचे लोक तिथे खास त्या घ्यायला जातात.

राहिला एक आक्षेप, आणि तो मनाला लागतो. माणसे उष्म्याने आजारी पडत असताना, वर्ग बंद होत असताना, कला-फॅशन-जत्रांचा हा आनंद शोभतो का? त्यात भर म्हणजे उन्हाळ्याची मौजच स्थानिक जागा खाऊन टाकते. बोराकाय बेटाचे पाणी हॉटेलांच्या सांडपाण्याने इतके बिघडले की 26 एप्रिल 2018 ला, ऐन हंगामात, सरकारला ते सहा महिने बंद करावे लागले. हा दोष खरा आहे. पण मौज म्हणजे फक्त बोराकाय नव्हे. 15 मे रोजी केसोन प्रांतातल्या लुकबान गावी शेतकऱ्यांचा संत इसिद्रो याचा सण, पाहियास, असतो. घरे भाताच्या लोंब्यांनी, भाज्यांनी, पानावर तांदळाचे पीठ पसरून वाफवलेल्या रंगीत किपिंगनी सजवतात. सजावट उतरवली की ती खाता येते. गावात विणलेल्या बुंतालच्या, म्हणजे बुरी ताडाच्या धाग्याच्या, टोप्या भिंतींवर टांगलेल्या असतात, आणि त्या टोप्या उन्हात घालायच्याच असतात. मे अखेरच्या सांताक्रुसानच्या मिरवणुकीत फुलांच्या कमानीखालून मुली झगे घालून चालतात. त्यासाठी गल्लीतल्या शिंप्याला काम मिळते आणि फुलवालीलाही. तेर्नोचे कलावंत रामोन वालेरा आणि सालवासिओन लिम हिगिन्स यांना पुढे राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळाला. त्यांची कला ज्या मातीवर उगवली तिच्यात गावागावचे हे शिंपी आहेत. कष्टाच्या हंगामात आनंद नको म्हणणारा माणूस शेतकऱ्याच्या सणाकडे कधी जवळून गेलेला नसतो.

परदेशातल्या फिलिपिनोंनी तर हा मुद्दा जमिनीच्या तुकड्यावर सिद्ध केला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत मनिलाटाउन या जुन्या फिलिपिनो वस्तीचा शेवटचा आधार असलेल्या इंटरनॅशनल हॉटेलमधून म्हाताऱ्या फिलिपिनो कामगारांना 4 ऑगस्ट 1977 च्या पहाटे पोलिसांनी बाहेर काढले. हजारो माणसे साखळी करून उभी होती, तरी ते थांबले नाही. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेकडच्या सोमा भागातली फिलिपिनो वस्तीही पुनर्विकासाने पातळ होत गेली. 2016 मध्ये त्या भागाला ‘सोमा पिलिपिनास’ म्हणून सांस्कृतिक वारसा क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि पुढच्या वर्षीपासून तिथे फिलिपिनो खाणे, चित्रे, कपडे, दागिने यांचा रात्रीचा बाजार भरू लागला. शनिवारची करमणूक म्हणून कुणी त्याला नाके मुरडील. पण त्या बाजारात टेबल मांडणारा डिझायनर दोन वर्षांनी त्याच भागात दुकान भाड्याने घेऊ पाहतो, आणि दुकान असलेल्या समाजाला हुसकणे अवघड असते. निषेधाने जे वाचले नाही ते वाचवण्याचा हा मार्ग आहे, आणि त्यात आनंद आहे म्हणून तो कमी गंभीर होत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. मनिलातल्या सरकारने 2004 चा कायदा निविदांत उतरवावा, आणि तो शाळांपर्यंत न्यावा. एप्रिल-मेची सुट्टी परत मिळाली असली तरी मार्चचा उष्मा वर्गातच सोसायचा आहे, आणि तो सोसणारी मुले आज कृत्रिम धाग्याच्या गणवेशात बसतात. त्यांचे शर्ट केळी किंवा आबाकाचा धागा मिसळलेल्या सुती कापडाचे झाले, आणि त्या कापडाच्या ठेक्यात मियागाओच्या, कालिबोच्या सहकारी संस्थांना हिस्सा राखला गेला, तर ‘स्थानिक’ ही चैन आहे की चोरी, हा वाद घालणाऱ्यांना निदान मोजायला काहीतरी मिळेल: किती मीटर विणले गेले, मजुरी किती पडली, आणि मार्चमध्ये किती मुलांना घेरी आली.